आमची वाटचाल: मागाच्या शेडातली तालीम

बेळगावच्या वडगावातलं आमचं शेड पूर्वी विणकरांचं. आत शिरल्यावर उजवीकडं जे दोन लोखंडी खांब दिसतात, ते मागाच्या जुन्या खड्ड्यांतच काँक्रीट ओतून रोवलेत. त्यावरच्या आडव्या बारला ज्युदोचा एक फाटका कोट टाकलेला असतो. कोटाची कॉलर धरून पुल-अप काढायचे. नुसत्या बारवर पंधरा काढणारा पोरगा कोटावर सहालाच लोंबकळतो. शेजारी तुळईला दोन इंच जाडीची सुती दोरी. पाय न लावता चढायचं. मशीन आजवर एकही घेतलं नाही.

2009 साली सुरुवात केली ती मी आणि अण्णांनी. पैसे माझे, नाव त्यांचं. आनंदवाडीच्या आखाड्यात लढलेला माणूस, त्यामुळं पोरं आपोआप आली. जोर, बैठका, सपाट्या, दोरी. मधली वर्षं बरी गेली, त्यात सांगण्यासारखं काही नाही.

2017 ला तीन गल्ल्या पलीकडं एसी जिम उघडली. ट्रेनर कोण, तर आमच्याच दोरीवर वाढलेला पोरगा. दारात फलक, ‘जोर-बैठका विसरा’. साठ पोरांची आमच्याकडं अकरा उरली. चार महिन्यांचं भाडं थकलं, शेडमालकानं कुलूप आणून दाखवलं. हे सगळं गिळलं असतं. पण त्याच हंगामात एका स्पर्धेत आमचा पोरगा पहिल्या फेरीत पुढं होता, दुसरीत त्याचे हातच उचलेनात. मॅटबाहेरून तो ट्रेनर सगळ्यांसमोर म्हणाला, “हजार बैठका कुठं गेल्या?”

झोंबलं, कारण बोलणं खरं होतं. रात्री अण्णांकडं गेलो.

“मॅटवरची कुस्ती किती वेळाची?”

“तीन-तीन मिनिटांच्या दोन फेऱ्या, मधे तीस सेकंद.”

“मग पोरांना पाऊण तास बैठका कशाला मारायला लावूलास?”

एवढंच बोलून ते जेवायला बसले.

तिथून आम्ही आकडे मोजणं सोडलं आणि घड्याळ लावलं. तीन मिनिटं सपाट्या, चार पायांवर अस्वलचाल, जोडीदाराला खांद्यावर घेऊन धाव. सगळं जिवाच्या आकांतानं. तीस सेकंद थांबायचं, पुन्हा तीन मिनिटं. बॉक्सिंगवाल्यांना तीन फेऱ्या आणि मधे मिनिटभर. सावकाश बैठकांनी दम वाढतो, नाही असं नाही, पण लढतीत लागतो तो झटक्याचा दम. आणि जोर हे ढकलण्याचं काम. कुस्ती, ज्युदो यांत निम्मं काम ओढण्याचं. म्हणून बार आणि दोरी.

ताकदीचं गणितही समजून घ्या. जोरात हातांवर साधारण दोन-तृतीयांश वजन येतं, म्हणजे सत्तर किलोच्या पोराला पंचेचाळीसेक किलो. तो सलग तीस-चाळीस काढायला लागला की पुढं दमसास वाढतो, ताकद फारशी नाही. तिथं वजन हवंच. हे मी आज कबूल करतो, त्या वेळी केलं नसतं.

ते वजन आणलं उद्यमबागेतल्या फाउंड्रीत मोल्डिंग करणाऱ्या आमच्या एका गिऱ्हाइकानं. पोराला पहाटे पाचला सायकलवरून सोडायचा, आणि त्या अकरा पोरांच्या दिवसांत वर्षाची फी एकरकमी माझ्या हातात ठेवून गेला. पावती घेतली नाही. फाउंड्रीतली टाकाऊ वाळू भरून त्यानं पोती आणली. एक पोतं फुटलं आणि काळ्या धुळीनं शेड खोकायला लागलं. ती वाळू वापरू नका, बारीक धूळ छातीत बसते. धुतलेली नदीची वाळू घ्या, आत प्लॅस्टिकची पिशवी, बाहेर ताडपत्रीची.

सांगतोच आहे तर आणखी एक. मान कमावलेली नसताना पोराला डोक्यावर ब्रिज, म्हणजे डोकं आणि पाय टेकून अंगाची कमान, घालू देऊ नका. आधी जोडीदारानं हातानं कपाळ दाबायचं आणि पोरानं मान हलू द्यायची नाही, असे महिने-दोन महिने काढा. गुडघा दुखतो म्हणणाऱ्याला आळशी ठरवून आणखी शंभर बैठका लावणारे वस्ताद मी पाहिलेत. मीही त्यातलाच होतो.

2018 च्या एशियन गेम्समध्ये आमच्याच भागातल्या तुरमुरीच्या मलप्रभा जाधवनं कुराशचं, म्हणजे ज्युदोसारख्याच कुस्तीचं, ब्राँझ आणलं, आणि ज्युदोसाठी मुली यायला लागल्या. आज सकाळच्या तुकडीत पोरांपेक्षा मुलीच वेळेवर असतात. अण्णा हे बघायला राहिले नाहीत.

गेल्या महिन्यात एसी जिमच्या त्या ट्रेनरचा फोन आला. तिथंही आता दोरी टांगायची आहे म्हणे, किती जाडीची घ्यायची? मी जाडी सांगितली, दुकान सांगितलं, गाठ कशी मारायची तेही सांगितलं. आणि त्याची 2016 ची चार महिन्यांची फी बाकी आहे, त्याची आठवण करून दिली.