आठशेचं इंजिन: मधला सिलिंडर का पडला आणि हेड उतरवल्यावर काय दिसलं

मागच्या नोंदीत गाडी पुण्याजवळच्या दिवे घाटात दम सोडते आणि सिग्नलला मिसिंग करते (एखाद्या सिलिंडरचा ठोका चुकतो), एवढंच लिहिलं होतं. आता हेड उतरवून, काम करून, परत बसवून झालंय, तेव्हा सगळं सविस्तर मांडते. गाडी १९९१ ची मारुती ८००. चार गिअर, कार्बोरेटर, ठिणगीसाठी जुनं पॉइंट-कंडेन्सर. आधीच्या मालकाने काही वर्षं एलपीजी किट लावून चालवलेली, मी घेतली तेव्हा किट काढलेलं होतं.

आठशे मिसिंग करायला लागली की पहिला स्क्रूड्रायव्हर कार्बोरेटरवर जातो. हवेचा स्क्रू थोडा इकडे, थोडा तिकडे, स्लो रनिंग वाढवून द्यायचं आणि गाडी परत. माझं ठाम मत आहे की या इंजिनात कार्बोरेटरला हात लावण्याआधी कॉम्प्रेशन गेज (सिलिंडरमध्ये किती दाब बनतो ते मोजणारं मीटर) लावावा. त्याचं कारण इंजिनाच्या घडणीतच आहे.

एफ८बी इंजिन, बोअर ६८.५ मिलिमीटर, स्ट्रोक ७२. हिशेब केला तर एका सिलिंडरला २६५ सीसी, तिघांचे मिळून ७९६. ब्लॉक बिडाचा, हेड ॲल्युमिनियमचं, कॅमशाफ्ट हेडमध्ये, त्याला टायमिंग बेल्ट, आणि सिलिंडरमागे दोनच वाल्व. कॉम्प्रेशन रेशो ८.७, ताकद ३७ हॉर्सपॉवरच्या आसपास. ऑम्नीतही हेच इंजिन आल्यामुळे इतक्या वर्षांनीही सुटे भाग मिळतात, ही आपल्यासाठी फार मोठी गोष्ट आहे. १९८३ च्या डिसेंबरात पहिली आठशे रस्त्यावर आली, २०१४ च्या जानेवारीत उत्पादन थांबलं, पण पुण्याच्या नाना पेठेत गॅसकेट सेट मागितला तर दुकानदार अजून फक्त ‘कार्बोरेटर की एमपीएफआय (इंजेक्शनवाली)?’ एवढंच विचारतो.

आता मुद्दा. क्रँकच्या (पिस्टन फिरवतात तो दांडा) तीन पिना १२० अंशांवर, फायरिंग ऑर्डर, म्हणजे ठिणगीचा क्रम, १-३-२. म्हणजे क्रँक २४० अंश फिरला की एक ठिणगी. चार सिलिंडरच्या इंजिनात तीच १८० अंशांना पडते. आठशेत एक सिलिंडर पडला, म्हणजे पेटेनासा झाला, की क्रँकला ४८० अंश, म्हणजे सव्वा फेऱ्याहून जास्त, नुसत्या फ्लायव्हीलच्या जोरावर काढावे लागतात. ताकदीचा तिसरा हिस्सा जातो तो वेगळाच. चार सिलिंडरच्या गाडीत एखादा सिलिंडर अर्धवट काम करत असेल तर बऱ्याच जणांच्या ते लक्षातही येत नाही. इथे लगेच जाणवतं.

दुसरी बाब माउंटिंगची. तीन पिस्टन एका ओळीत असले की वर-खाली होणारा जोर एकमेकांना मारतो, पण इंजिन टोकाकडून टोकाकडे झुलण्याचा जोर शिल्लक राहतो. बॅलन्स शाफ्ट नाही, त्यामुळे तो सगळा माउंटिंगच्या रबरांनी सोसायचा. रबर बसलं की उभ्या गाडीत स्टेअरिंग आणि आरसा थरथरतो, आणि लोक त्यालाच मिसिंग म्हणतात. ओळखायची सोपी पद्धत सायलेन्सरपाशी उभं राहून ऐकण्याची. माउंटिंगची थरथर एकसारखी असते. मिसिंगमध्ये मध्येच एखादा फुसका ठोका येतो. माझ्या गाडीत दोन्ही होतं. रबरं आधी बदलली, थरथर कमी झाली, फुसका ठोका तसाच राहिला.

मग कॉम्प्रेशन. इंजिन गरम, तिन्ही प्लग बाहेर, कॉइलची वायर सोडलेली, बॅटरी पूर्ण चार्ज, चोक उघडा आणि ॲक्सिलरेटर पूर्ण दाबलेला. हा शेवटचा भाग एकट्याने काम करणारे हमखास टाळतात आणि मग तिन्ही आकडे कमी येतात. माझे आकडे पीएसआयमध्ये (दाबाचं एकक): पहिला १६५, मधला १०५, तिसरा १६०.

इथे पुणेकरांसाठी एक गोष्ट. आपलं शहर समुद्रसपाटीपासून साधारण ५६० मीटर उंच आहे, हवेचा दाब मुंबईपेक्षा सहा टक्क्यांच्या आसपास कमी. त्यामुळे मुंबईतल्या कुणाच्या गाडीचा आकडा बघून आपलं इंजिन बसलं असं समजू नका. आकडा किती यापेक्षा तिघांत फरक किती हे बघा. माझ्याकडे साठ पीएसआयचा फरक होता, म्हणजे बोलण्यासारखं काही उरलंच नव्हतं.

मधल्या सिलिंडरमध्ये चमचाभर इंजिन ऑइल सोडून परत मोजलं. रिंगा गेल्या असतील तर ऑइल फटी भरतं आणि आकडा चांगला चढतो. माझा ११० वर थांबला. म्हणजे गळती वरून, वाल्वमधून किंवा हेड गॅसकेटमधून. मग मधला पिस्टन कॉम्प्रेशनच्या वरच्या टोकाला आणून प्लगच्या भोकातून हवा भरली. रेडिएटरमध्ये बुडबुडे नाहीत, कार्बोरेटरमध्ये आवाज नाही, सायलेन्सरच्या नळीतून स्पष्ट सूं सूं. एक्झॉस्ट वाल्व. टॅपेटचं (वाल्व दाबणारा भाग) कव्हर काढून फीलर गेज (फट मोजायची पातळ पाती) लावायला गेले तर मधल्या एक्झॉस्टच्या फटीत सगळ्यात पातळ पातंही शिरेना.

सगळ्यात मोलाचं इथे सापडलं. एक्झॉस्ट वाल्वला आगीतून मिळालेली उष्णता बाहेर टाकायची मुख्य जागा म्हणजे त्याची सीट. वाल्व बंद असताना जेवढा वेळ सीटला टेकतो, तेवढ्याच वेळात तो निवतो. सीट झिजली की वाल्व वर सरकतो आणि टॅपेटची फट कमी होते. फट संपली की वाल्व पूर्ण बसत नाही, निवत नाही, आणि त्या बारीक फटीतून जाळ जाऊन कड खाल्ली जाते. एलपीजीवर ही झीज लवकर होते, कारण त्या कोरड्या वायूत सीटला पेट्रोलइतकं संरक्षण मिळत नाही. अशा गाडीत टॅपेट वारंवार तपासायला हवे असतात, आणि नेमकं ते होत नाही, कारण फट कमी होताना आवाज वाढत नाही, उलट इंजिन शांत होत जातं.

हेड घेऊन भवानी पेठेतल्या एका जुन्या कारागीर काकांकडे गेले. त्यांनी वाल्व हातात घेतला, कडेचा खाल्लेला भाग अंगठ्याने चाचपला आणि म्हणाले, “ताई, हा टॅपेट कधी वाजला नसणार. वाजणाऱ्याची काळजी नको, मुका झाला की धावत या.” एवढं एक वाक्य प्रत्येक आठशेवाल्याने पाठ करावं असं मला वाटतं.

काकांनी तिन्ही एक्झॉस्ट वाल्व नवे टाकले, सीटा कापल्या, ग्राइंडिंग पेस्ट लावून हाताने घासून बसवल्या. वाल्व सील सहाही बदलले. सकाळी स्टार्ट केल्यावर निळा धूर यायचा आणि नंतर थांबायचा, तो या सीलांचा होता. धूर घाटात चढताना, जोर लावताना आला असता तर रिंगांवर संशय घेतला असता. हेड सरळ पट्टी ठेवून तपासलं. मर्यादा ०.०५ मिलिमीटरची, आमचं ०.०८ निघालं, म्हणून अगदी हलकं फेसिंग केलं, म्हणजे पृष्ठभाग घासून सपाट केला. ॲल्युमिनियमचं हेड बिडाच्या ब्लॉकवर बसलेलं असतं, गरम झाल्यावर दोघांचं पसरणं सारखं नसतं, म्हणून एकदा जरी गाडी उकळली तरी हेड वाकण्याची भीती असते. ‘गाडी गरम होते’ म्हणून थर्मोस्टॅट काढून फेकण्याची पद्धत मला अजिबात मान्य नाही. थर्मोस्टॅट नसला की इंजिन थंडीत तापतच नाही, पेट्रोल जास्त जातं, ऑइल लवकर खराब होतं, आणि चोंदलेला रेडिएटर किंवा मेलेला फॅन स्विच हे खरं दुखणं तसंच राहतं. माझ्या गाडीत थर्मोस्टॅट नव्हताच. नवा बसवला, रेडिएटर रॉडिंग (नळ्यांत सळई घालून सफाई) करून घेतला, बोअरच्या पाण्याऐवजी कूलंट भरलं.

जोडणीबद्दल थोडक्यात. बोल्टची भोकं ऑइल-पाण्यापासून कोरडी करा, बोल्ट मधून सुरुवात करून बाहेरच्या बाजूला, टप्प्याटप्प्याने आणि टॉर्क रेंचनेच आवळा. टायमिंग बेल्ट आणि टेन्शनर याच वेळी नवे. डिस्ट्रिब्युटरची ओ-रिंगही बदला, तिथून झिरपणारं ऑइल लोक हेडचं लीकेज समजतात.

आता आकडे १६५, १६०, १६५. फुसका ठोका गेला. यानंतर, आणि यानंतरच, कार्बोरेटर उघडला. तिथे नवा प्रश्न आहे तो ई-२० पेट्रोलचा, म्हणजे वीस टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलचा. इथेनॉलमध्ये स्वतःचा ऑक्सिजन असतो, त्यामुळे त्याच जेटमधून (इंधन सोडणारं बारीक भोक) तेवढंच इंधन गेलं तरी शुद्ध पेट्रोलच्या तुलनेत मिश्रण सात-आठ टक्के पातळ पडतं. एमपीएफआय गाडीत ऑक्सिजन सेन्सर असेल तर ती स्वतः सावरते, कार्बोरेटरला ते कळणार नाही. पुण्याच्या उंचीवर विरळ हवेमुळे मिश्रण दोन-तीन टक्के दाट होतं, तेवढीच आपल्याला सवलत. उरलेला फरक जेटनेच भरून काढावा लागणार. पातळ मिश्रणाची खूण म्हणजे ॲक्सिलरेटर दाबल्यावर क्षणभर गाडी अडखळते आणि चोक थोडा ओढला की सुधारते. माझी तशीच वागते आहे.

रबराच्या भागांचं मात्र थांबायला नको. ॲक्सिलरेटर पंपाचा डायफ्रॅम फुगलेला निघाला, मेकॅनिकल पेट्रोल पंपाचा कडक झाला होता. दोन्ही बदलले, इंजिनाजवळच्या सगळ्या पेट्रोल नळ्या इथेनॉलला टिकणाऱ्या घेतल्या. टाकीचा तळही धुवून घ्या, इथेनॉल जुना गाळ सोडवतं आणि तो थेट फिल्टरमध्ये येतो.

जुन्या बाजारात रविवारी एक मापाचा मोठा मेन जेट मिळाला आहे. तो टाकून हडपसर ते सासवड, दिवे घाट तिसऱ्या गिअरमध्ये, असा एक फेरा मारायचा आहे. वर पोचल्यावर प्लग काढून रंग बघेन आणि टॅपेटची फट नंतर थंड इंजिनावर पुन्हा मोजेन, कारण नव्याने कापलेल्या सीटा सुरुवातीला थोड्या बसतात. कुणी कार्बोरेटरच्या आठशेत ई-२० साठी जेट बदलला असेल तर मूळ माप, नवं माप आणि प्लगचा रंग, तिन्ही कळवा.