तुम्ही विचारलंत म्हणून : फुप्फुसातली चरबी

दिवाळीला नाशिकला घरी आले की हा प्रश्न ठरलेला. गंगापूर रोडची मावशी, शेजारचे काका, आईच्या भजनी मंडळातल्या बायका. "हल्ली काय चाललंय तुझं?" मी सांगते, माणसाच्या फुप्फुसाच्या पेशींत कोणकोणती चरबी असते ते शोधते. लगेच पुढचा प्रश्न येतो, "फुप्फुसात कसली गं चरबी? आणि ती शोधून करायचं काय?" आजवर फराळाच्या गडबडीत दोन वाक्यांत उत्तर दिलं. ते पुरेसं नव्हतं. आता नीट सांगते.

चरबी म्हटली की आपल्याला सुटलेलं पोट नाहीतर रक्ताच्या रिपोर्टातलं कोलेस्टेरॉल आठवतं. पण शरीरातल्या प्रत्येक पेशीचं आवरण मुख्यतः चरबीचंच असतं. आणि फुप्फुसात तर तिच्याकडे असं एक काम आहे, जे ती करते म्हणून आपण श्वास घेऊ शकतो.

फुप्फुस म्हणजे एक मोठा फुगा नव्हे. श्वासनलिकेला फांद्या फुटत फुटत शेवटी कोट्यवधी इवलेसे वायुकोश लागतात आणि प्रत्येक कोश आतून पाण्याच्या पातळ थराने ओला असतो. पाण्याचा स्वभाव स्वतःला आवळून घेण्याचा. अळवाच्या पानावरचा थेंब गोल होतो तो त्यामुळेच. आत नुसतं पाणी असतं तर श्वास सोडताना हे कोश मिटून गेले असते, आणि पुढच्या श्वासाला ते पुन्हा उघडायला सगळी ताकद लागली असती. कोश जितका लहान, तितका तो मिटण्याचा ओढा जास्त.

हे होऊ नये म्हणून वायुकोशांच्या भिंतीत 'टाइप दोन' नावाच्या पेशी आहेत. भिंतीचा जेमतेम ५ टक्के भाग त्या व्यापतात, पण त्या पाण्यावर पसरणारा एक पदार्थ तयार करतात. त्याला सरफॅक्टंट म्हणतात. त्यात ९० टक्क्यांच्या आसपास चरबी, उरलेली प्रथिनं. ही चरबी पेशीत पुड्या बांधून ठेवलेली असते. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकातलं त्या पुडीचं चित्र मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला लासलगावचा चिरलेला कांदा आठवला. अगदी तसेच पापुद्र्यावर पापुद्रे.

त्यातल्या मुख्य चरबीचं नाव लांबलचक आहे, आम्ही तिला डीपीपीसी म्हणतो. ती समजायला आईचा ओटा पुरतो. जानेवारीत नाशिकची थंडी पडली की बरणीतलं तूप थिजतं आणि शेजारच्या किटलीतलं शेंगदाणा तेल मात्र वाहतं राहतं. तुपातल्या पुष्कळ साखळ्या सरळ असतात, त्या एकमेकींना खेटून बसतात. तेलातल्या बऱ्याच साखळ्यांना बाक असतो, त्यांना तसं बसता येत नाही. डीपीपीसीला अशा दोन सरळ शेपट्या आहेत, दोन्ही पामिटिक आम्लाच्या, आणि हे आम्ल तुपातही भरपूर असतं. डीपीपीसी सैल पडते ४१ अंशांना. आपलं शरीर ३७ अंशांचं. म्हणजे श्वास सोडताना कोश आकसतो तेव्हा हे रेणू दाटीने उभे राहून जवळजवळ थिजलेली साय धरतात, आणि पाण्याची ओढ शून्याच्या जवळ येते. कोश मिटत नाही.

पण नुसती थिजणारी चरबीही चालत नाही. पुढचा श्वास आत आला की साय झटकन पसरायला हवी. त्यासाठी बाक असलेल्या चरब्या लागतात आणि एसपी-बी, एसपी-सी ही प्रथिनं लागतात. किती घट्ट, किती सैल, हे प्रमाण पेशी सांभाळते. ते प्रमाण मोजणं, ही माझी नोकरी.

(मावशी विचारते, मग तूप खाल्लं की फुप्फुसं चांगली राहतात का? नाही. पेशी रक्तातून कच्चा माल घेते, पण मिश्रण तिचं तीच ठरवते.)

मोजायचं कसं? पेशी क्लोरोफॉर्म आणि मिथेनॉलमध्ये घुसळायच्या, तेही काचेच्या नळीत, कारण क्लोरोफॉर्म बरंचसं प्लास्टिक खातो. पाणी घालून नळी फिरवली की दोन थर होतात, मधे प्रथिनांची पांढरी चकती. चरबी खालच्या थरात. ती काचेच्या पिपेटने चकतीला धक्का न लावता ओढून घ्यायची. इथे माझा श्वास आपोआप रोखला जातो. मग नायट्रोजनच्या झुळकीखाली वाळवायची. तळाशी उरतं ते नळी उजेडात तिरकी धरली तरच दिसतं. पुढे मास स्पेक्ट्रोमीटर रेणूंचं वजन करतो. डीपीपीसी ७३४ वर दिसते आणि तोडली की १८४ चा तुकडा पडतो. पडद्यावर ती उंच रेघ उमटली की अजूनही बरं वाटतं.

आता 'करायचं काय' याबद्दल.

गर्भात ही चरबी तयार व्हायला साधारण चोविसाव्या आठवड्यानंतर सुरुवात होते, पुरेशी होते पस्तिसाव्याच्या सुमारास. त्याआधी जन्मलेल्या बाळाची फुप्फुसं मिटू शकतात. मेरी एलेन एव्हरी आणि जेरे मीड यांनी १९५९ मध्ये दाखवलं की अशा बाळांत कमी आहे ती हीच गोष्ट. तरी १९६३ मध्ये अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष केनेडी यांचा मुलगा साडेपाच आठवडे आधी जन्मला आणि ३९ तासांत याच आजाराने गेला. १९७२ मध्ये न्यूझीलंडमधल्या लिगिन्स आणि हॉवी यांनी दाखवलं की आईला आधीच स्टेरॉइडचं इंजेक्शन दिलं तर बाळाची फुप्फुसं लवकर तयार होतात. आणि १९८० मध्ये जपानच्या तेत्सुरो फुजिवारांनी दहा बाळांच्या श्वासनलिकेत गाईच्या फुप्फुसातून काढलेलं सरफॅक्टंट सोडलं. आज ही दोन्ही औषधं आपल्याकडेही वापरली जातात.

माझ्या आधी आईला एक मुलगा झाला होता. १९७९ साली, आठवा लागता लागता. तो दोन दिवस होता. आई त्याच्याबद्दल फारसं बोलत नाही; एवढंच सांगते की तो रडला नाही, प्रत्येक श्वासाला कण्हत होता. त्या दिवसांत नळाला पाणी नव्हतं, तिने हंडे उचलले होते. चाळीस वर्षं तिने दोष त्या हंड्यांना दिला.

गेल्या दिवाळीत ती तूप कढवत होती, तेव्हा मी तिला सगळं सांगितलं. त्याच्यात ही साय अजून तयारच झाली नव्हती. आणि ते कण्हणंही. अशी बाळं श्वास सोडताना गळा अर्धवट मिटून धरतात, म्हणजे थोडी हवा आत अडकून राहते आणि कोश मिटत नाहीत. कोणी न शिकवता करतात. तो आवाज त्याचा असतो.

आईने गॅस बंद केला. बराच वेळ ती तुपाकडे बघत होती. मग म्हणाली, "म्हणजे तो धरून ठेवत होता."

मी म्हटलं, "हो."