१९ वेळा दोरी ओढली

मोजून १९. तेव्हा कुठे आमच्या होडीचं इंजिन खोकलं आणि सुरू झालं. खांदा अजून ठणकतोय. त्यात मागून पाण्याची जी धार उडायला हवी ती नुसती ठिबकत होती, म्हणजे थंड करणारं पाणी वर चढतच नव्हतं. लगेच बंद केलं आणि वल्हवत परत आलो. येताना ठरवूनच टाकलं, बस झालं, आता नवीन.

दुपारी उगाच उघडून बसलो. पंपातला रबरी इंपेलर (पाणी वर ढकलणारं पाकळ्यांचं चाक) हातात आला, सहापैकी दोन पाकळ्या गायब, उरलेल्या एकाच बाजूला वाकून कडक झालेल्या. गिअर ऑइल चहासारखं दुधाळ, म्हणजे सील गेलंय, आत पाणी शिरतंय. पण प्लग काढून काँप्रेशन (सिलिंडरमधला दाब) मोजलं तर एका सिलिंडरला ११२ पीएसआय, दुसऱ्याला १०८, म्हणजे इंजिन अजून धडधाकट! या वयात माझं तरी एवढं येईल का?

आमचं जुनं टू-स्ट्रोक, त्याला पेट्रोलमध्येच ऑइल मिसळावं लागतं. नवीन फोर-स्ट्रोक घेतलं तर ५ लिटर पेट्रोलला १०० मिली ऑइल मोजत बसायला नको, आवाज कमी, धूर नाही. मोह होतोच. पण तेवढ्याच ताकदीचं ते चांगलंच जड, आणि प्रत्येक वेळी उचलून होडीला लावणारा हमाल मीच.

सध्या इंपेलर, सील आणि कार्बोरेटरची सफाई. नवीन पुढच्या वर्षी बघू. (घरी हे वाक्य ऐकून कुणीतरी मोठ्याने हसलं.)

तुटलेली एक पाकळी पाण्याच्या नळीत सापडली. दुसरी अजून नाही. उद्या थर्मोस्टॅट (थंड करणाऱ्या पाण्याचा प्रवाह सांभाळणारी झडप) उघडतो, तिथे अडकली असेल.