वहीतली चांदणी

३ डिसेंबर

"बिचारे वाटतात." शाळेच्या वहीत एवढंच उत्तर, आणि शेजारी बाईंच्या लाल पेनाची चांदणी. प्रश्न होता, डोळ्यांना पट्टी बांधून चालल्यावर काय वाटलं?

उत्तराचं काही नाही, मूल खरं तेच बोललं. चांदणी टोचते आहे.

दिव्यांग दिन आला की रुमाल निघतात. बाकांना धडकायचं, खिदळायचं, पाच मिनिटांनी गाठ सोडायची, हुश्श. यात मुलाला कळते ती नजर अचानक गेलेल्या माणसाची पहिली घाबरगुंडी. पुढचं कुठे दिसतं? पांढरी काठी खांद्यांपेक्षा जराशी रुंद फिरवायची, डावा पाय पुढे पडताना टोक उजवीकडे टेकवायचं. हे अंगवळणी पडायला महिने जातात. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या एका अभ्यासात पट्टी बांधून पाहिलेल्यांना अंध माणसं नोकरीला, स्वतंत्र राहायला कमी लायक वाटली. म्हणजे बिचारेच. हे सांगून सांगून घसा बसतो आणि पुढच्या वर्षी पुन्हा रुमाल. कोणासाठी करायचं हे सगळं... जाऊ दे.

पट्टीऐवजी पाटी द्या की! ब्रेलची पाटी (कागद धरणारी, घरं पाडलेली चौकट), स्टायलस म्हणजे टोचणी, ड्रॉइंगचा जाड कागद. वहीचा कागद फाटतो, नाहीतर टिंबं बोटाखाली चपटी होतात. एका घरात सहा टिंबं: डावीकडे वरून खाली १-२-३, उजवीकडे ४-५-६. टोचलेलं टिंब मागच्या बाजूला उठतं, म्हणून लिहायचं उजवीकडून डावीकडे आणि कागद उलटून वाचायचं डावीकडून. लिहिताना १-२-३ उजवीकडे जातात, आणि सगळे घसरतात ते इथेच. ऱ्हस्व इकार म्हणजे २-४. तेवढं घर उलटं पडलं की होतं १-५, म्हणजे एकार. 'दिवा' लिहायला जावं तर 'देवा'! खोडरबर नाही. नखाने दाबलं तरी खूण राहते, तेव्हा बहुधा नवा कागद. चिकाटीचा वेगळा तास घ्यावा लागत नाही.

आणि तपासायला ब्रेल वाचणारंच कोणीतरी हवं. शक्यतो वर्गाच्या वयाचं. त्याने बोट फिरवून "हे काय लिहिलंयस?" म्हटलं की बिचारं कोण, ते दोघांनाही कळतं.

तरी चांदणी टोचतेच. पण बाईंकडे साठ मुलं आणि एक तास. रुमाल फुकट मिळतो, पाट्या मागवाव्या लागतात. मीही कदाचित चांदणीच काढली असती, निदान शेवटच्या तासाला.

बाईंना द्यायच्या चिठ्ठीत एवढंच लिहावं: चार ओळींच्या लहान पाट्या मिळतात, दोघांत एक पुरे. एकाने टोचायचं, दुसऱ्याने टिंबांचे आकडे सांगायचे, मग अदलाबदल. पहिल्या दिवशी फक्त स्वतःचं नाव. प्रज्ञा, कृष्णा, लक्ष्मी वगैरेंना दुसऱ्या दिवशी घ्यावं. जोडाक्षरात हलन्ताचं, म्हणजे पाय मोडल्याचं, टिंब अक्षराच्या आधी येतं, तिथे मोठ्यांचीही गाडी अडते.