पुळ्या फक्त ग्रे शेडिंगवरच होत्या

"दादा, हे बघ की जरा" म्हणत एक गिऱ्हाईक पोरगा आत आला आणि बाही वर केली. तीन आठवड्यांपूर्वी मीच त्याच्या हातावर महादेवाचा टॅटू काढला होता, कोपरापासून मनगटापर्यंत. त्यावर बारीक लालसर पुळ्या. आधी वाटलं खाजवलं असेल नाहीतर जिमचा घाम, पोरं ऐकतच नाहीत, पण तो म्हणाला खाज नाही, ताप नाही, मेडिकलमधून ट्यूब आणून लावली तर अजूनच वाढल्या.

लाईट जवळ ओढून बघितलं आणि पोटात गोळा आला. त्रिशूळ, डोळे, जटांच्या कडा, जिथं जिथं नुसती काळी इंक होती तिथं एक पुळी नाही, कातडी साफ. आणि गाल, गळा, जटांमधलं ते धुरकट शेडिंग, तिथंच सगळ्या, जणू आखून दिल्यासारख्या. ग्लोव्हज तेच, सुया सीलबंद पाकिटातल्या, मी समोर फोडलेल्या. फरक फक्त इंकच्या कपात होता.

ग्रे मी स्वतः बनवायचो. चांगली सीलबंद काळी इंक, तीन रिकाम्या बाटल्या, त्यात पाणी घालून हलका, मध्यम, गडद. पाणी स्टुडिओतल्या जारचं. आपण पितो ते फिल्टरचं पाणी, त्याला काय होतंय, असा माझा हिशोब, आणि त्या बाटल्या महिना महिना चालायच्या. वर गिऱ्हाइकाला छाती ठोकून सांगायचो की युरोपात जानेवारी 2022 पासून टॅटूच्या रंगातल्या हजारो केमिकलवर बंधनं आली आहेत, मी त्या नियमात बसणारीच इंक मागवतो, जत्रेतल्यासारखं काहीबाही वापरत नाही. त्यात खोटं काही नव्हतं, पण मी पाणी ओतलं तिथंच ती इंक घरगुती झाली हे कधी डोक्यातच आलं नाही.

त्याच दिवशी त्याला घेऊन स्किनच्या डॉक्टरांकडे गेलो, बाटल्या पिशवीत घालून. मॅडमनी हात बघितला आणि थेट मलाच विचारलं, "ग्रे कशात पातळ करता तुम्ही?" मग सांगितलं, 2011 साली अमेरिकेत रोचेस्टरला असंच झालं होतं, एकाच आर्टिस्टकडच्या 19 जणांना, आणि तिथं तर इंक कंपनीतूनच ग्रे करून आलेली, बाटली उघडायच्या आधीपासून दूषित. संशय ती पातळ करायच्या पाण्यावरच. मायकोबॅक्टेरियम केलोनी, टीबीच्या जंतूंच्या कुळातला, नळाच्या पाण्यात राहतो, क्लोरिनला सहज मरत नाही, पिलं तर सहसा काही होत नाही पण सुईनं कातडीखाली गेला की तिथंच मुक्काम करतो. साध्या अँटिबायोटिकला दाद देत नाही, आणि लॅबला मुद्दाम सांगितलं नाही तर नेहमीच्या तपासणीत सापडतही नाही.

तांदळाच्या दाण्याएवढा तुकडा काढून लॅबला पाठवला. आठवड्याभरानं रिपोर्ट आला, त्याच जातीचा जंतू. बाटली तपासायची सोय त्या लॅबमध्ये नव्हती, पण मला कळायचं ते कळलं होतं. गोळ्या सुरू झाल्या त्या पाच महिने चालल्या. खर्च मी केला, त्यात उपकार काही नाहीत.

त्याची आई एकदा स्टुडिओत आली. म्हणाली, "आमच्या सासूबाईंच्या हातावर काजळीचं गोंदण आहे, सत्तर वर्षं झाली, काही झालं नाही. आणि तू एवढे पैसे घेऊन पोराच्या हाताचं हे काय केलंस?" मी मान खाली घालून ऐकून घेतलं. गोंदणानं पण कुणाकुणाचे हात सुजले असतील, तेव्हा कोण लिहून ठेवत होतं, पण हे त्या माऊलीला सांगायची ती वेळ नव्हती.

रात्री सगळ्या बाटल्या रिकाम्या केल्या. जारच्या तोटीत आतून बोट फिरवलं तर बुळबुळीत थर हाताला लागला, तो स्पर्श अजून आठवतो. आता मेडिकलमधून इंजेक्शनचं स्टराइल पाणी आणतो, छोटी अँप्युल म्हणजे सीलबंद कुपी, त्या गिऱ्हाइकासमोर फोडायची, कपात लागेल तेवढंच ग्रे करायचं, उरलेलं फेकायचं. काही जण बॅटरीचं डिस्टिल्ड वॉटर वापरतात, मित्रांनो ते स्टराइल नसतं, प्लीज नका वापरू.

पुळ्या आता बसल्या आहेत, पण महादेवाच्या गालावर बारीक खड्डे राहिलेत. परवा तो म्हणाला, "दादा, टचअप करून दे की." मॅडम हो म्हणेपर्यंत त्या हाताला सुई लावणार नाही म्हणालो.