वर्गवारीचा रविवार

रविवार, रात्री उशिरा.

सणाच्या सुट्टीत आम्ही शेजारची काही कुटुंबे मुलांना बरोबर घेऊन गरजू घरांसाठी वस्तू गोळा करतो. त्या कामातला सर्वांत किचकट टप्पा, म्हणजे आलेल्या ढिगाची वर्गवारी, आज पार पडली. वाटपाच्या दिवसाचे कौतुक सगळेच करतात, आवाहनाच्या फलकांचे रंगही लोकांच्या लक्षात राहतात. वर्गवारीला मात्र मोठी माणसे कंटाळतात आणि ती रात्री परस्पर उरकून टाकावी असे दरवर्षी कोणीतरी सुचवते. माझे मत नेमके उलटे आहे. मुलांसाठी खरा कार्यक्रम हाच असतो, कारण काय द्यावे आणि काय देऊ नये याचा निर्णय इथे त्यांच्या हातात असतो.

नियम त्यांनीच ठरवला होता. जी वस्तू आपल्या मित्राला वाढदिवसाला देताना संकोच वाटेल, ती खोक्यात जाणार नाही. हा नियम त्यांनी मोठ्यांपेक्षा कितीतरी कठोरपणे पाळला. चित्रकोड्याचे सगळे तुकडे आहेत की नाहीत हे पाहण्यासाठी एका मुलीने जमिनीवर बसून ते पूर्ण जुळवले, तेव्हा दोन तुकडे कमी निघाले. ‘एवढ्याने काय बिघडते?’ असे एक काका म्हणाले. त्यावर तिचे उत्तर होते, ‘काका, ज्याला मिळेल तो तेच दोन तुकडे शोधत बसेल.’ कोडे बाजूला गेले. शर्टांच्या गुंड्या मोजल्या गेल्या, चेनी वरखाली करून पाहिल्या गेल्या आणि निम्म्या भरलेल्या वह्या चर्चेविनाच बाद झाल्या. उलट पहिल्या पानावर कोणाचे तरी नाव असलेल्या पुस्तकांवर बराच वाद झाला आणि शेवटी ती ठेवायची असे ठरले.

लहान मुलांच्या खेळण्यांचे काम मात्र आम्ही मोठ्यांनी शेजारी बसून करून घेतले. अमेरिकेतील सुरक्षा नियमांनुसार तीन वर्षांखालील मुलांच्या खेळण्याचा कोणताही सुटा भाग ३१.७ मिलिमीटर व्यासाच्या ठरावीक नळकांड्यात पूर्ण मावता कामा नये, कारण तेवढी वस्तू घशात अडकू शकते. घरी असे नळकांडे नसते, म्हणून टिश्यू पेपरच्या गुंडाळीतली पुठ्ठ्याची नळी वापरली. ती थोडी रुंद असते, त्यामुळे चाचणी अधिकच कडक होते. पाहता पाहता सगळी मुले त्या नळीभोवती गोळा झाली. बटणाच्या आकाराचे सेल असलेली खेळणी वेगळी काढली आणि ज्यांचे झाकण स्क्रूने बंद होत नव्हते ती बाद केली. असा सेल गिळला गेला तर दोन तासांतच अन्ननलिकेला गंभीर भाजल्यासारखी इजा होऊ शकते, हे मुलांना सांगितले तेव्हा काही क्षण कोणीच बोलले नाही.

खेळणी चकचकीत कागदात गुंडाळून द्यावीत, असा एका काकूंचा आग्रह होता. या बाबतीत मला ‘टॉइज फॉर टॉट्स’ या अमेरिकी उपक्रमाची पद्धत पटते. १९४७ साली लॉस एंजेलिसमध्ये मरीन कोअर या अमेरिकी लष्करी दलाच्या राखीव तुकडीतील बिल हेन्ड्रिक्स यांनी तो सुरू केला. त्यांच्या पत्नीने हाताने केलेली एक बाहुली गरजू मुलापर्यंत पोहोचवायची होती, पण ते काम करणारी संस्था सापडली नाही, म्हणून अशी संस्था तुम्हीच काढा असे तिने सुचवले, अशी त्याची हकिकत सांगतात. तिथे आजही खेळणी नवी आणि न गुंडाळलेली मागतात. वस्तू उघडी दिसली की ती कोणत्या वयाला योग्य आहे हे कळते. शिवाय पाल्यासाठी भेट निवडण्याचा आणि ती स्वतःच्या हाताने गुंडाळण्याचा आनंद आईवडिलांकडेच राहतो. काकूंना हे शेवटचे कारण पटले. आता आम्ही कागद आणि फिती वेगळ्या देणार आहोत.

ढीग वयानुसार लावल्यावर एक गोष्ट आमच्याआधी मुलांच्या लक्षात आली. चार ते आठ वयाच्या खोक्यांतून वस्तू ओसंडत होत्या, तर तेरा-चौदाच्या पुढच्या मुलांसाठी जवळजवळ काहीच नव्हते. देणाऱ्याच्या डोळ्यांसमोर लहानच मूल येते आणि उंच, गप्प, मिसरूड फुटलेला मुलगा कोणाला आठवत नाही. ज्या संस्थेमार्फत आम्ही वाटप करतो, तिच्या यादीत त्यांची गरज स्पष्ट लिहिलेली होती. म्हणून जमलेली रोख रक्कम याच वयोगटावर खर्च करायची, असे मुलांनी हात वर करून ठरवले. काय घ्यायचे हे त्या वयाच्या मुलांना संस्थेमार्फत विचारावे, अशीही सूचना आली. ती आमच्यापैकी कोणालाच सुचली नव्हती.

संध्याकाळी सर्वांत जास्त काम करणाऱ्या मुलाला बक्षीस देण्याचा विषय निघाला आणि मी त्याला विरोध केला. वार्नेकेन आणि टोमासेलो या मानसशास्त्रज्ञांनी २००८ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात वीस महिन्यांची मुले होती. मदत केल्याबद्दल ज्यांना वस्तू मिळाली, त्यांनी पुढे इतरांपेक्षा कमी मदत केली. तान्ह्या वयातल्या प्रयोगावरून दहा वर्षांच्या मुलांबद्दल ठाम निष्कर्ष काढता येत नाही, हे मला मान्य आहे. पण आज गुंड्या मोजणाऱ्या एकाही मुलाने बक्षिसाचे नाव काढले नव्हते, मग त्यांच्या डोक्यात ते आपण का भरावे? शेवटी बक्षीस रद्द झाले आणि सर्वांनी एकत्र बसून खायचे ठरले.

छायाचित्रांबाबतही निर्णय झाला. काम करताना आमच्या मुलांची काढावीत, घेणाऱ्यांची एकही नको. आता प्रश्न उरला आहे तो बाद वस्तूंचा. कपड्यांची फडकी होतील, सेल धोकादायक कचऱ्यात जातील, पण चांगल्या स्थितीत परत करता येईल असे जे आहे ते ज्याच्या त्याच्या दारी नेऊन ‘हे घेता आले नाही’ असे सांगायचे काम मोठ्या मुलांनी मागून घेतले आहे. कोणत्या घरी काय बोलायचे याची तालीम उद्या दुपारी आहे.