नांगराच्या दोन नोंदी

कोकणात बसून एस्पेरांतो या मुद्दाम घडवलेल्या आंतरराष्ट्रीय भाषेचा एस्पेरांतो–मराठी शब्दकोश करायला घेतला की पहिलं कोडं नांगराचं पडतं. शेतातला नांगर म्हणजे ‘प्लुगीलो’, होडीचा नांगर म्हणजे ‘आंक्रो’. घाटावर एकावर भागेल, किनाऱ्यावर दोन्ही लागतात. म्हणून मराठीकडून जाणाऱ्या भागात नांगर १ आणि नांगर २ अशा स्वतंत्र नोंदी हव्यात. एकाच नोंदीत स्वल्पविराम देऊन दोन्ही शब्द दिले, तर अर्थ न बघता पहिला शब्द उचलला जातो आणि होडी शेतातल्या नांगराला बांधली जाते.

‘प्लुगीलो’मधला ‘इल’ हा प्रत्यय म्हणजे साधन. प्लुगी म्हणजे नांगरणे, त्याचं साधन प्लुगीलो. मग हातोडा ‘मार्तेलीलो’ का नाही? कारण ‘मार्तेल’ हे मूळच वस्तूचं आहे: मार्तेलो हातोडा, मार्तेली हातोड्याने ठोकणे. तसंच कोम्बी म्हणजे विंचरणे, म्हणून फणी कोम्बीलो. पण ब्रोसो म्हणजे आधी ब्रश, मग ब्रोसी ही क्रिया. मूळ क्रियेचं की वस्तूचं, हे नुसतं बघून कळत नाही. ही भाषा घडवणाऱ्या झामेनहोफच्या 1905 च्या ‘फुंदामेंतो’ या पायाभूत पुस्तकात शब्दसूची आहे. तिच्यात प्रत्येक मुळाचा अर्थ फ्रेंच, इंग्रजी, जर्मन, रशियन आणि पोलिश अशा पाच भाषांत दिलाय, त्यावरून ते ठरतं. आपल्याकडचा माणूस साहजिकच इंग्रजी शब्द बघतो आणि तिथेच फसतो. इंग्रजीत प्लाऊ, कोम, ब्रश, हॅमर ही नामंही आहेत आणि क्रियापदंही. त्याऐवजी जर्मन शब्द बघावा. तो मोठ्या अक्षराने सुरू झाला तर नाम, लहान अक्षराने आणि शेवटी ‘एन’ असेल तर क्रियापद. एवढ्यापुरतं जर्मन यायची गरज नाही.

क्रियापदांत मराठी आपल्याला मदत करते आणि दगाही देते. नारळ फुटतो, आपण तो फोडतो. सुकट सुकते, आपण ती सुकवतो. एस्पेरांतोत फोडणे ‘रोम्पी’, फुटणे ‘रोम्पीजी’. ‘सेका’ म्हणजे कोरडं, त्यावरून सुकणे ‘सेकीजी’ आणि सुकवणे ‘सेकीगी’. इथे जोड्या नीट जुळतात. पण ‘उकळणे’ घ्या: पाणी उकळतं आणि आपणही पाणी उकळतो. एस्पेरांतोत ‘बोली’ फक्त आपोआप उकळणे; चुलीवर ठेवून उकळायचं तर ‘बोलीगी’. नोंदीपुढे अक. (अकर्मक) किंवा सक. (सकर्मक) लिहिलं नाही, तर शिकणारा ‘मी उकळतो’ असं लिहून स्वतःच उकळायला लागतो. हे दोन संक्षेप एकाही क्रियापदापुढे वगळू नयेत. कोशातली सगळ्यात जास्त दुरुस्ती याच जागी होते.

माडासाठी ‘कोकोसार्बो’ घ्यावा. ‘कोकोसूयो’ही बरोबर आहे, पण ‘उय’ प्रत्यय झाडालाही लागतो आणि भांड्यालाही (शाईची दौत ‘इंकूयो’), त्यामुळे कुणाला नारळाची टोपली वाटू शकते. सोडण (नारळाचं वरचं तंतूंचं साल) आणि करवंटी या दोन्हींना ‘शेलो’ हा एकच शब्द पडतो. तिथे विशेषण जोडायचं: सोडणाला ‘फिब्रा शेलो’, करवंटीला ‘मालमोला शेलो’. उलट ‘रीझो’ या एका शब्दाला मराठी बाजूला उभं भात, तांदूळ आणि शिजलेला भात अशा तीन जागा द्याव्या लागतात.

मासळीत इंग्रजी नाव मध्ये घेऊच नये. बोंबलाचं इंग्रजी नाव ‘बॉम्बे डक’ शब्दशः घेतलं तर कोशात बदक येतं. आधी शास्त्रीय नाव शोधायचं: बोंबील हार्पाडोन नेहेरेउस, बांगडा रास्ट्रेलिजर कानागुर्ता. मग त्या प्रजातीला एस्पेरांतोत नाव आहे का ते बघायचं. ‘माक्रेलो’ हा मुळात अटलांटिकमधला मासा. बांगड्यापुढे नुसतं माक्रेलो लिहिणं अपुरं, सोबत शास्त्रीय नाव हवंच.

पडताळणीला दोन मोठे कोश आहेत. एक 1970 चा सचित्र कोश, गास्तोन वारेंगिएन यांनी संपादलेला, ज्याची नवी आवृत्ती 2002 मध्ये आली. दुसरा ‘रेता वोर्तारो’, 1997 पासून इंटरनेटवर वाढत आलेला. त्याआधी 1910 च्या सुमारास काझिमिएझ बाइन या वॉर्साच्या नेत्रवैद्याने ‘काबे’ या टोपणनावाने एस्पेरांतोतून एस्पेरांतोत अर्थ देणारा कोश केला. पुढे त्यांनी एस्पेरांतोची चळवळ अचानक सोडली, आणि ‘काबेई’ हे क्रियापदच झालं: उत्साहाने काम करून एकाएकी दूर होणे. मराठी बाजूला त्याला एका शब्दात उत्तर नाही, अर्थ सांगूनच लिहावा.

उच्चाराच्या रकान्यात च जपून वापरावा. चहाचा च आणि चाकाचा च आपण एकाच अक्षराने लिहितो, एस्पेरांतोत ती दोन अक्षरं आहेत. ध्येय म्हणजे ‘त्सेलो’, पेशी म्हणजे ‘चेलो’. दोन्हींना चेलो लिहिलं तर दोन नोंदी एक होतात. अनुक्रमही असाच तपासायचा: टोपीवालं सी अक्षर (डोक्यावर टोपीसारखी खूण असलेलं, च चा उच्चार दाखवणारं) साध्या सीच्या लगेच नंतर यायला हवं. संगणक ते कधी झेडच्याही मागे ढकलतो, कधी साध्या सीमध्ये मिसळतो. टंकताना टोपीऐवजी एक्स जोडावा, एच नको. एक्स हे अक्षर एस्पेरांतोत नाहीच, म्हणून शेवटी एका झटक्यात बदलता येतं. एच वापरलं तर ‘फ्लुगहावेनो’ म्हणजे विमानतळ, त्यातला ग आणि ह एकत्र येऊन ज होतो आणि शब्द मोडतो.